ट्रम्पेटमध्ये हवा सरळ जात नाही, आणि जाण्याची गरजही नाही

गोव्यातल्या डिचोलीच्या एका तरुण ट्रम्पेटवाल्याचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: "दोन वर्षं बँडमध्ये वाजवतो. माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा भाग, माझ्या तोंडावर आपसूक खाली बसतं, म्हणजे खालचा ओठ जास्त आत आणि वरचा थोडासाच. स्वरलिपीच्या पाच रेषांच्या डोक्यावरचा सोल (आमचे सूर दो-रे-मी-फा-सोल-ला-सी) मला सहज लागायचा. पण खालच्या दोच्या आसपास सूर फाटतो, कधी नुसतीच हवा येते. बँडमधल्या ज्येष्ठांनी सांगितलं की हे बसणंच चुकीचं आहे. माउथपीस वर घे, दोन भाग वरचा ओठ, एक भाग खालचा, बेल, म्हणजे ट्रम्पेटचं पुढचं पसरट तोंड, उचल आणि हवा सरळ नळीत सोड. तसं करायला लागल्यापासून 'मी' हा सूरसुद्धा धड लागत नाही आणि ओठ सुजतो. हवा नक्की कुठे जायला हवी? सरळ, वर की खाली?"

आधी कामाचं सांगतो. माउथपीस होतं तिथे परत ने, आजच ने. तू जे लिहिलं आहेस त्यावरून तुझी हवा बहुतेक वरच्या बाजूला वळते, आणि तुझ्या तोंडाला तेच योग्य आहे. खात्री कशी करायची ते पुढे येईलच. तुझा खरा दोष खालच्या सुरांत आहे. तो दुरुस्त होतो, पण ओठाची जागा बदलून नव्हे.

आता हवेबद्दल. कढत पेज फुंकून निववताना आपला वरचा ओठ नकळत किंचित पुढे येतो आणि फुंक खाली वाटीत जाते. कपाळावर आलेले केस फुंकरीने उडवायचे असतील तर खालचा ओठ पुढे येतो आणि फुंक वर जाते. जो ओठ वरचढ, तो हवेला दुसऱ्याच्या दिशेने वळवतो. माउथपीसच्या गोल कडीतही नेमकं हेच घडतं. कडीच्या आत वरचा ओठ जास्त असेल तर हवा खाली वळते, त्याला डाउनस्ट्रीम म्हणतात. खालचा ओठ जास्त असेल तर हवा वर वळते, ते अपस्ट्रीम. दोन्ही ओठ अगदी समसमान बसलेला वाजवणारा मला तरी भेटलेला नाही. आणि समसमान बसवण्याचा जे आग्रह धरतात त्यांचा सूर अस्थिर होतो, कारण कुठला ओठ धरणारा आणि कुठला थरथरणारा हे ठरतच नाही.

'हवा सरळ सोडा' हा सल्ला आला कुठून? चांगल्या चांगल्या लोकांकडून आला. शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदात अनेक वर्षं पहिला फ्रेंच हॉर्न वाजवणारे फिलिप फार्कास यांनीच एके काळी असं लिहिलं होतं, की जबडा थोडा पुढे घेऊन हवा सरळ माउथपीसच्या भोकात जाऊ द्यावी. ऐकायला ते अगदी पटतं. पुढे त्यांनी 40 नामवंत हॉर्नवादकांच्या ओठांचे फोटो काढले आणि 1970 मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांत 39 जणांची हवा खाली जात होती आणि एकाची वर. सरळ कुणाचीच नव्हती. स्वतःचं आधीचं म्हणणं उलटवणारी गोष्ट त्यांनी स्वतःच छापली, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे मात्र अजून पहिलाच सल्ला फिरतो आहे.

एक शंका तुझ्या मनात येईल. हवा कपाच्या, म्हणजे माउथपीसच्या वाटीच्या, भिंतीवर आदळली तर सूर बिघडणार नाही का? नाही बिघडत. माउथपीसच्या तळाचं भोक जेमतेम 3.7 मिलिमीटरचं असतं आणि पुढे जवळजवळ दीड मीटर नळी आहे. त्या नळीतून वारा सोडला म्हणून सूर येत नाही. आत हवेचा जो स्तंभ आधीच उभा आहे तो ओठांच्या थरथरीने हलतो, त्याचा सूर येतो. मधला दो वाजवताना ओठ सेकंदाला सुमारे 466 वेळा उघडतात आणि मिटतात, वरच्या दोला त्याच्या दुप्पट, म्हणजे 932 वेळा. तुझं काम ही थरथर अखंड आणि सारखी ठेवणं एवढंच आहे. हवा कपात कुठल्या भिंतीला लागते याची काळजी कपाला करू दे. नेम धरायचा प्रयत्न केलास की जबडा आणि मान आवळते, आणि थरथर तिथेच मरते.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फार कमी शिक्षक सांगतात. सूर जसा वर जातो तसा हवेचा कोन आणखी तीव्र होतो, आणि सूर खाली येतो तशी हवा सरळ रेषेच्या जवळ येते. म्हणजे डाउनस्ट्रीम वाजवणारा वरच्या सोलकडे जातो तेव्हा त्याची हवा आणखी खाली, जवळजवळ हनुवटीच्या दिशेने जाते. त्याला जर कुणी म्हणालं, "उंच सूर आहे, वर फुंक", तर तो बिचारा आपल्या ओठाच्या स्वभावाविरुद्ध जोर लावत बसतो. तुझं उलट आहे. तुझी हवा उंच सुराला आणखी वर जाणार. एकाच्या तोंडाला बरोबर असलेली सूचना दुसऱ्याच्या तोंडाला चूक ठरते. तुला सांगणारे ज्येष्ठ वाईट वाजवत नसणार, पण ते त्यांच्या ओठाबद्दल बोलत आहेत.

बेल उचलण्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती यात मिसळायची नाही. बेल वर की खाली हे मुख्यतः दात आणि जबड्यावरून ठरतं. ज्याचा खालचा जबडा किंचित मागे आहे त्याचा ट्रम्पेट साहजिकच खाली झुकतो. जबडा पुढे असेल तर तो आडवा किंवा थोडा वर राहतो. हवा खाली वळणारा माणूस ट्रम्पेट अगदी आडवा धरून वाजवू शकतो. मिरवणुकीत सगळ्यांच्या बेल एका रेषेत दिसाव्यात म्हणून तो उचलायला लावतात. दिसायला ते छान दिसतं, पण उचलायचाच असेल तर मान आणि डोकं थोडं मागे घेऊन उचल. हात वर केलास की कडी वरच्या ओठावर रुतते आणि ओठ तिथेच बंद पडतो. तुझी सूज मला याच कारणाने आलेली वाटते.

'दोन भाग वरचा, एक भाग खालचा' हा नियम खरा आहे, पण तो फ्रेंच हॉर्नच्या परंपरेतला आहे. ट्रम्पेटवाले ज्यांना आपला आधार मानतात त्या आर्बान यांच्या 1864 च्या पॅरिसच्या कॉर्नेट शिकवणाऱ्या पुस्तकात (कॉर्नेट हे ट्रम्पेटचंच भावंड) बरोबर उलटं लिहिलं आहे: दोन तृतीयांश खालच्या ओठावर, एक तृतीयांश वरच्या. म्हणजे तू जे आपसूक करत होतास ते. कुणी म्हणेल, अर्धं-अर्धं ठेव. हे सगळे नियम आपापल्या वाजवणाऱ्यांकडे बघून लिहिलेले आहेत. फिलाडेल्फियाचे ट्रॉम्बोन शिक्षक डोनाल्ड राइनहार्ट यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांची तोंडं बघितली आणि त्यांचे प्रकार पाडले. ती वर्गवारी बरीच बारीक आहे, पण आपल्या कामापुरती तीन घराणी पुरतात. माउथपीस बरंच वर बसवणारे, मध्यम वर बसवणारे (या दोघांची हवा खाली जाते), आणि खाली बसवणारे, ज्यांची हवा वर जाते. तिसरे कमी असतात. म्हणूनच त्यांना लहानपणापासून "चुकतोय, चुकतोय" ऐकावं लागतं, आणि त्यांतले कितीतरी जण ट्रम्पेट सोडून देतात. मला याचा राग येतो, कारण वरच्या सुरांची नैसर्गिक देणगी पुष्कळदा याच मुलांकडे असते.

आता खात्री करून घे. पारदर्शक प्लॅस्टिकचं माउथपीस मिळतं, ते महाग नसतं. बँडमध्ये चौघांनी मिळून एक घेतलं तरी चालेल. ते ट्रम्पेटला लाव, मोबाइल अगदी माउथपीसच्या उंचीवर ठेव आणि थोडा बाजूने व्हिडिओ घे. समोरून घेऊ नकोस, समोरून ट्रम्पेटच दिसतो. मधला सोल दहा सेकंद धर, मग मधला दो, मग त्यावरचा 'मी'. नंतर व्हिडिओ हळू करून बघ. डाउनस्ट्रीम असेल तर वरचा ओठ कपात पडद्यासारखा पुढे आलेला दिसतो आणि फट मध्याच्या खाली असते. अपस्ट्रीम असेल तर खालचा ओठ फुगून वर आलेला दिसतो, फट वरच्या कडीजवळ असते आणि वरच्या ओठाची एक बारीक पट्टीच आत राहते. दुसरी खूण हाताला कळते. कप नसलेली नुसती कडी मिळाली तर ती ओठांवर ठेवून सूर काढ आणि बोट ओलं करून कडीसमोर वर-खाली फिरव. गार कुठे लागतं ते लगेच समजतं. कडीशिवाय नुसते ओठ फुरफुरवून केलेल्या परीक्षेवर मात्र विश्वास ठेवू नकोस. नुसत्या ओठांनी बहुतेकांची हवा खालीच जाते, मग माउथपीसवर ती कुठेही जात असो.

बसवताना एवढं सांभाळ: कोपरे घट्ट, पण हसल्यासारखे ताणलेले नाहीत. हनुवटी सपाट, गोळा होऊन वर आलेली नको. कडी ओठांच्या मऊ लाल भागाच्या मधोमध रुतू देऊ नकोस. माउथपीस थोडं डावीकडे किंवा उजवीकडे बसत असेल तर बसू दे, दातांची रांग कुणाचीच काटेकोर नसते. जीभ आत काम करते. खाली 'आ'सारखी पसरलेली, वर 'ई'सारखी उचललेली. गालांत हवा नको.

तुझे खालचे सूर का फाटतात? अपस्ट्रीम वाजवणारा खाली उतरताना बहुतेक वेळा जबडा मागे सोडतो. जबडा मागे गेला की खालच्या ओठाचा वरचढपणा जातो, वरचा ओठ पुढे येतो, आणि अर्ध्या वाटेत हवा वरची खाली होते. एका सुरापर्यंत तू एका घराण्याचा असतोस आणि पुढच्या सुराला दुसऱ्या. त्या सांध्यावर सूर फाटतो. 'खालचा दो लागत नाही म्हणजे बसणं चूक' असा निष्कर्ष तिथेच काढला जातो, पण चूक असते ती या उलटण्यात. पारदर्शक माउथपीसमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. मधल्या सोलवरून खाली येताना एका ठरावीक सुराला ओठ पालथा होताना दिसेल. तो सूर कुठला ते वहीत लिहून ठेव. तुझा सगळा रियाज त्या सुराभोवती करायचा आहे.

रियाज असा. मधल्या सोलवर सुरुवात, आवाज मृदू, आणि अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली उतर: मोकळा (एकही व्हॉल्व्ह, म्हणजे बोटाची कळ, न दाबता), दुसरा व्हॉल्व्ह, पहिला, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा, तिन्ही, आणि पुन्हा मोकळा, तो खालचा दो. जिभेचा ठोका फक्त पहिल्या सुराला, पुढे सगळं एका श्वासात जोडून. पहिला-तिसरा आणि तिन्ही दाबताना तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, बाहेर सरकव, नाहीतर ते दोन सूर चढे लागतात आणि तू ओठ ढिला करून ते खाली खेचतोस. तेवढ्यानेही ओठ उलटतो. उतरताना खालचे दात वरच्या दातांच्या समोरच आहेत याकडे लक्ष दे. दात एकमेकांपासून दूर होऊ देत, पण मागे जाऊ देऊ नकोस. फुटणाऱ्या सुराच्या आधीच्या सुरावर थांब, तो चांगला स्थिर कर आणि मगच पुढे पाऊल टाक. फुटला तर माउथपीस ओठावरून न उचलता पुन्हा सोलवर जा. उचलून नव्याने बसवलंस तर खालच्या सुरापुरती वेगळी बैठक तयार होईल आणि दुखणं कायमचं राहील. खालचा दो पक्का झाला की त्याच वाटेने पुढे: दुसऱ्या व्हॉल्व्हचा सी, पहिल्याचा सी बेमोल (अर्धा सूर खालचा सी), असं करत तळाच्या फा शार्पपर्यंत (अर्धा सूर वरचा फा). त्यालाही तिन्ही व्हॉल्व्ह लागतात.

खाली-वर जाताना माउथपीस आणि ओठ मिळून दातांवर किंचित सरकतात. ते सरकणं थांबवू नकोस. काहींना वर जाताना ते नाकाकडे ढकलावं लागतं, काहींना हनुवटीकडे ओढावं लागतं. मधल्या दोवर दोन्ही करून बघ. ज्या बाजूला गेल्यावर सूर आपोआप मोकळा आणि भरदार होतो ती तुझी वर जाण्याची बाजू, खाली येताना तिच्या उलट. हालचाल अगदी थोडी आणि प्रत्येक वेळी एकाच रेषेत असावी. कडी ओठावरून घसरता कामा नये. ओठ कडीबरोबरच जायला हवा.

वाजवलं तेवढाच वेळ विश्रांती घे. वीस मिनिटांचे तुकडे सलग तासापेक्षा कितीतरी चांगले. सूज असेल त्या दिवशी फक्त खालचे मृदू सूर वाजव, आणि तेही दुखलं तर ट्रम्पेट पेटीत ठेव.

दाबाबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याकडचं वाजवणं उभ्याने आणि चालत होतं. शिगम्याची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की फेस्ताची परिक्रमा, पायाखालचा रस्ता सरळ नसतो, आणि प्रत्येक पावलाला कडी दातावर आदळते. घाबरून आपण ट्रम्पेट तोंडावर आणखी आवळतो. उजव्या हाताची करंगळी ट्रम्पेटवरच्या तिच्या आकड्यात अडकवू नकोस. ती वरच्या बाजूला मोकळी ठेव. करंगळी अडकली की उंच सुराला हात आपोआप मागे ओढतो. सगळा भार डाव्या हाताच्या पकडीवर घे आणि तिथेही बोटं पांढरी पडू देऊ नकोस. चालत वाजवायचं असेल तर गुडघे थोडे सैल ठेवून चालण्याचा सरावही घरीच करावा. अंगणात फेऱ्या मारत फक्त लांब सूर धरायचे, गाणं नाही.

ओठ ही मांसाची गोष्ट आहे, तिची मर्यादा आहे. ओठांभोवती जो गोल स्नायू असतो तो अति दाबाने आणि अति वाजवण्याने फाटू शकतो. डॉक्टर त्या दुखापतीला 'सॅचमो सिंड्रोम' म्हणतात, अमेरिकेचे जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'सॅचमो' या टोपणनावावरून, कारण त्यांच्या ओठाने हे सगळं भोगलं होतं. हे नाव गोव्यात विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना मुंबईत 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. सी. रामचंद्र यांच्या 1951 च्या 'अलबेला'मध्ये त्यांची साथ ऐकायला मिळते. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हेही मूळचे ट्रम्पेटवालेच. चर्चच्या शाळेतल्या मेस्त्रींकडे सोलफा, म्हणजे दो-रे-मीचे धडे, घोटून आमची ही माणसं मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत गेली. त्यांचं वाजवणं जरूर ऐक, वाक्यंच्या वाक्यं उतरवून घे, सूर कसा सोडतात ते बघ. पण फोटोत माउथपीस कुठे बसलं आहे ते बघून आपला ओठ तिथे नेऊ नकोस, मग तो फोटो आर्मस्ट्राँग यांचा का असेना. त्यांचे दात, त्यांचा ओठ, त्यांचा जबडा तुझा नाही. ओठाच्या आत गाठ लागत असेल, एका बाजूला बधिरपणा असेल, किंवा विश्रांतीनंतरही हवा एकाच कोपऱ्यातून निसटत असेल, तर रियाज बंद कर आणि डॉक्टरांना दाखव.

नवं माउथपीस घ्यावं का, असं तू विचारलेलं नाहीस, पण कुणीतरी सुचवेलच. ट्रम्पेटबरोबर आलेलं सेव्हन-सी मापाचं असेल, आतला व्यास 16.2 मिलिमीटर, तर सध्या तेच ठेव. उथळ कपाचं घेऊन उंच सूर येतात हा भ्रम आहे. जे आधीच येतात ते फक्त थोडे चकचकीत होतात.

राहिली ज्येष्ठांची गोष्ट. त्यांच्याशी वाद घालू नकोस आणि त्यांच्यामागे वेगळंही वागू नकोस. दोन व्हिडिओ कर, एक जुन्या बैठकीचा, एक त्यांनी सांगितलेल्या बैठकीचा, दोन्हींत तेच चार सूर. ते त्यांच्यासमोर ठेव आणि म्हण, "तुम्हीच ऐकून सांगा." वर्षानुवर्षं बँड सांभाळलेल्या माणसाचा कान पक्का असतो, तो कानाने ऐकून बदलतो. त्यांनी आग्रह धरलाच तर विचार, की हा बदल पावसाळ्यात करूया का. आपल्याकडे बदलाला काळ एकच आहे: लग्नसराई संपल्यापासून चवथीपर्यंत. सांजांवचा (जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाचा) एखादा दिवस सोडला तर त्या महिन्यांत बँडला फारसं काम नसतं. हंगामात ओठाची बैठक बदलणं म्हणजे दोन्हीकडून जाणं: जुनी सुटते, नवी बसत नाही, आणि वाजवायचं तर रोज असतंच.

सध्या बँडमध्ये दुसऱ्या ट्रम्पेटचा भाग मागून घे. तो भाग बराचसा मधल्या सोलपासून खाली चालतो, म्हणजे तुझा रियाज मिरवणुकीतच होईल आणि वरच्या सुरांसाठी ओठावर जोर पडणार नाही. सूज पूर्ण उतरली आणि तळाचा फा शार्प न फाटता लागायला लागला, की पहिल्या ट्रम्पेटवर परत जा.